संकेतस्थळावरची हुरडा पार्टी

आमच्या विद्यापीठात कुठलीही गोष्ट खरी व्हायची असेल तर ती आधी काचेच्या पेटीत जावी लागायची. मुख्य इमारतीच्या जिन्याखाली कुलूपबंद सूचनाफलक होता. पुढे सरकती काच, आत उडालेल्या रंगाचं हिरवं कापड आणि गंजलेल्या टाचण्या. विद्यापीठाचं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता या पेटीचं काम संपलं. झालं उलटंच. सूचना मी संगणकावर टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे शिपाईकाका ती संगणकावरून छापून काढायचे, तिच्यावर जावक क्रमांक घालायचे, गोल शिक्का मारायचे आणि पेटीत टाचायचे. मग लोक ती वाचायचे. संकेतस्थळावर वाचून कोणी काही विचारायला आलंच तर टेबलामागून पहिला प्रश्न यायचा, "पेटीत लागलं का?" लागलं नसेल तर ते अजून घडलेलं नाही, असा सरळ हिशेब.

ती सूचना टाकणारी बाई म्हणजे मी. शिक्षण आठवी. आजूबाजूला इतके डॉक्टर होते की बाहेरचा माणूस इस्पितळ समजून आत यावा, आणि त्यांच्यात मी आठवी. माझं गाव चंद्रपूरच्याही पलीकडे, जंगलाला लागून. नवऱ्याला अंबडच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून आम्ही नाशिकला आलो, आणि तो कामावर गेला की घरात बसून मला रडू यायचं म्हणून मी मेन रोडजवळच्या एका गल्लीत लग्नपत्रिका टाईप करायला लागले. तिथे एका पत्रिकेत मी सकाळचा मुहूर्त संध्याकाळचा केला. ती पत्रिका विद्यापीठातल्या एका साहेबांच्या मुलीची होती. साहेब रागावून आले, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मी इतकी रडले की तेच घाबरले. मलाच पाणी दिलं, दुकानदाराला म्हणाले, "जाऊ द्या, चार पत्रिका फुकट गेल्या, एवढंच." पुढच्या महिन्यात त्यांचा निरोप आला, विद्यापीठात टाईप करणारी बाई हवी आहे, रडण्याची अट नाही. त्या साहेबांना मी आजही सकाळी उठल्यावर मनात एक नमस्कार करते. ते कधीच निवृत्त झाले. त्यांना हे माहीत नाही.

माझी ऑर्डर सहा महिन्यांची असायची. सहा महिने झाले की एक दिवस खंड, मग नवी ऑर्डर. म्हणजे त्या एका दिवशी मी विद्यापीठाची कोणी नसायची आणि संकेतस्थळ बेवारस असायचं. त्या दिवशी मी पंचवटीत जाऊन रामाला सांगून यायची की उद्यापासून पुन्हा घ्या म्हणावं. नवी ऑर्डर हातात पडली की मी सगळ्यांना थँक्यू म्हणत फिरायची. सही करणाऱ्याला, शिक्का मारणाऱ्याला, झेरॉक्सवाल्याला. एकदा तर लिफ्टचं दार उघडलं तर मी लिफ्टला थँक्यू म्हटलं. शिपाईकाका म्हणाले, "ताई, ती शासकीय हाय. तिला सवय नाय."

काका सायखेड्याचे. तिथे त्यांचा मळा होता, गोदेच्या काठाला, आणि विद्यापीठातली नोकरी ते जोडधंद्यासारखी करायचे. रोज सकाळी बसने यायचे, माझ्या आधी पोचायचे, माझ्या खोलीचं कुलूप काढायचे, माझा संगणक लावायचे आणि संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर 'नवीन सूचना' असं जे दिसेल ते छापून काढायचे. त्यांना हे काम कोणी सांगितलं होतं हे कोणालाच आठवत नव्हतं. पण ते कधी चुकलं नाही.

तर असं सगळं बरं चाललं होतं, आणि तेव्हा ठरलं की संकेतस्थळ नवीन करायचं.

जुनं वाईट होतं हे मला मान्य आहे. मीच तर एकेक पान हाताने केलेलं. कुलसचिव साहेबांचा फोन नंबर बदलला की तो मला प्रत्येक पानावर जाऊन बदलावा लागायचा, आणि कुठल्यातरी एका पानावर जुना राहायचाच. तो जुना नंबर मग सिडकोतल्या एका गिरणीवाल्याला मिळाला होता. तो बिचारा विद्यार्थ्यांना फेरतपासणीची मुदत सांगायचा. शिवाय आमची मराठी अक्षरं फक्त आमच्याच संगणकांवर दिसायची. बाहेर दुसऱ्या कोणाच्या संगणकात तो फाँट नसला की पानभर किड्यामुंग्या. पेठकडच्या एका विद्यार्थ्याने फोन करून विचारलं होतं, "मॅडम, वेळापत्रक चिनी भाषेत लावलंय का?"

मग एक समिती झाली. तिचं नाव 'आशय व्यवस्थापन प्रणाली निवड समिती'. नाव टाईप करतानाच मला घाम फुटला. अध्यक्ष कुलसचिव साहेब, म्हणजे विद्यापीठाच्या सगळ्या कारभाराचे प्रमुख; गंभीर माणूस, हसू आलं की रुमालात खोकायचे. दुसरे वित्त अधिकारी. त्यांना हसू आलं की ते हसायचे, आणि त्यांना सारखं हसू यायचं. तिसऱ्या परीक्षा विभागाच्या मॅडम. त्यांच्यासमोर मला कायम पेपर कोरा गेल्यासारखं वाटायचं. आणि चौथे संगणक विभागातले तरुण सर, ज्यांना हे सगळं खरोखरच समजत होतं आणि त्यामुळे ते थोडे एकटे पडलेले असायचे. मी इतिवृत्त टाईप करायला आणि काका चहा द्यायला.

पहिल्याच बैठकीत सरांनी समजावून सांगितलं.

"साहेब, आत्ता काय होतं? विभाग कागद देतो, मग तो ताईंकडे येतो, ताई टाईप करतात, मग तो दिसतो. नव्या पद्धतीत प्रत्येक विभाग आपापली माहिती स्वतः भरेल. पान आपोआप तयार होईल. मध्ये कोणी लागणारच नाही."

"मध्ये कोणी म्हणजे?" कुलसचिव साहेबांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे हात केला. अगदी प्रेमाने. "ताई, तुमचा ताप वाचला."

"थँक्यू सर," मी म्हणाले. सवयीने. आणि मग खाली बघून टाईप केलं: 'नवीन प्रणालीमुळे स्वतंत्र ऑपरेटरची आवश्यकता राहणार नाही.'

हे वाक्य टाईप करून झाल्यावर मला कळलं की ते माझ्याबद्दल आहे. माझी ऑर्डर माघ महिन्याच्या आसपास संपत होती. या वेळचा खंड एका दिवसाचा असणार नव्हता. आणि नवऱ्याचा कारखानाही तेव्हा डुगडुगत होता. तो आणि मी दोघंही घरी बसलो तर नाशिकचं भाडं भरणार कोण? सामान बांधून परत जंगलाकडे जायचं. तिथे माझी जी अवस्था होईल ती होईल, पण टाईप करण्यासारखं काही सापडणार नव्हतं एवढं नक्की.

त्या दिवसापासून मी समितीची प्रत्येक बैठक देवाला हात जोडून सुरू करायची. प्रणाली निवडली जाऊ नये असं मागायचं मला धाडस नव्हतं. तेवढं खाल्लं होतं मी विद्यापीठाचं. मी एवढंच मागायची की जरा हळू निवडू दे.

देवाने ऐकलं. समितीपुढे तीन प्रणाली होत्या. एक मुंबईच्या कंपनीची. ते लोक भर ऑक्टोबरात कोट घालून आले आणि पडद्यावर इतके बाण दाखवले की कुलसचिव साहेबांनी मान हलवून हलवून शेवटी मान चोळली. दुसरी पुण्याच्या कंपनीची. त्यांनी आमच्या प्रत्येक प्रश्नाला "होऊन जाईल" असं उत्तर दिलं. चहात साखर कमी आहे असं मॅडम म्हणाल्या, तरी ते म्हणाले, "होऊन जाईल." आणि तिसरी, सरांची आवडती, जगभरातल्या लोकांनी मिळून केलेली, कोणालाही वापरता येणारी, चक्क फुकट.

"फुकट?" वित्त अधिकारी खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे निविदा कशी काढायची?"

"निविदा काढायचीच नाही ना सर. उतरवून घ्यायची."

"अहो, पण तीन दरपत्रकं लागतात. फुकटाची तीन दरपत्रकं कुठून आणू? समजा आणली, तिन्हींचा दर शून्य, मग कमीत कमी कोणाचा?"

"सर, ती एकच आहे."

"मग तर अजूनच वाईट. एकच निविदा आली तर रद्द करून परत काढावी लागते."

सर माझ्याकडे बघायचे, जणू मी काही मदत करीन. मी टाईप करायची.

ते अडलं असतानाच दुसरं अडलं. पहिल्या पानावर डावीकडे विभागांची यादी असते, तिच्यात वर कोण? परीक्षा विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "विद्यार्थी येतो तो परीक्षेसाठी, आम्ही वर." वित्त अधिकारी म्हणाले, "आधी फी भरतो, मग परीक्षा देतो. आम्ही वर." सर म्हणाले, वर्णक्रमाने लावू. तेव्हा सगळ्या विभागांनी आपापली नावं बदलायचे प्रस्ताव पाठवले. ग्रंथालय 'अध्ययन ग्रंथालय' झालं. वसतिगृहवाल्यांनी 'अंतर्गत वसतिगृह' असं सुचवलं. बाग सांभाळणारे एरवी कोणाच्या अध्यात नसतात, त्यांचासुद्धा 'अंगणविकास कक्ष' म्हणून कागद आला. शेवटी लग्नपत्रिकेत निमंत्रकांची नावं लावतात तशी ज्येष्ठतेने यादी लावली, आणि ज्यांना तरीही आपण खाली गेल्यासारखं वाटत होतं त्यांना सरांनी सांगितलं की संगणकाच्या पडद्यावर खालची गोष्ट डोळ्यांना जास्त जवळ असते. सर असं बोलले ते ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस आता आपल्यातला झाला.

डिसेंबर लागला. सरांनी ठरवलं की नुसतं बोलून उपयोग नाही, फुकटची प्रणाली चालवूनच दाखवू. विद्यापीठात धड इंटरनेट चालणारा आणि मोठा पडदा असलेला संगणक एकच, माझा. त्यामुळे समिती माझ्या खोलीत आली. सरांनी चाचणीची वेगळी जागा तयार केली होती, पण दिसायला हुबेहूब आमचंच विद्यापीठ: वर बोधचिन्ह, डावीकडे ज्येष्ठतेने विभाग, मधे 'नवीन सूचना'. आणि अक्षरं कुठल्याही संगणकावर दिसणारी. फार सुंदर दिसत होतं हो. मला इतकं आवडलं की माझंच मला वाईट वाटलं.

"साहेब, हिची खरी गंमत पुढे आहे," सर म्हणाले. "आपल्या फाईलीसारखंच आहे. सूचना एकाने लिहायची, मग वर जाते. प्रत्येक टेबलावर मंजुरी. सगळ्यांची झाली की शेवटी 'प्रकाशित करा' हे बटण. चला, एक सूचना टाकून बघू. कोण लिहितंय?"

कोणालाच सुचेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सूचनांवर सह्या केलेली माणसं ती. तेवढ्यात काका चहा घेऊन आले. कप ठेवता ठेवता म्हणाले, "साहेब, औंदा ज्वारी लय झकास हाय. दाणा दुधात आलाय. मळ्यावर या एकदा सगळे हुरड्याला."

वित्त अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "ताई, घ्या लिहून. 'विद्यापीठातील सर्व अधिकारी व कर्मचारी यांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायखेडा येथील मळ्यात हुरडा सेवनाचा कार्यक्रम आयोजित करण्यात आला आहे.'"

मी लिहिलं. सूचना मॅडमच्या टेबलावर गेली, म्हणजे मॅडम माझ्या खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांनी ती दोनदा वाचली. गंमत असली तरी अपुरी सूचना पुढे सोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी भर घातली: 'ओळखपत्र सोबत बाळगावे. दिलेल्या वेळेनंतर येणाऱ्यास हुरडा दिला जाणार नाही.' मंजूर. मग कुलसचिव साहेब बसले. रुमालात खोकले. आणि एका बोटाने, शोधून शोधून, टाईप केलं: 'अनुपस्थिती गांभीर्याने घेतली जाईल.' मंजूर.

आता पडद्यावर एकच उरलं. हिरवं बटण, 'प्रकाशित करा'.

साहेबांनी माऊस सोडला. "हे कोणी दाबायचं?"

"सर, कोणीही," सर म्हणाले.

"कोणीही म्हणजे कोण? तुम्ही दाबा."

"मी समितीचा सदस्य आहे, सर. अधिकार तुमचा."

"माझी मंजुरी झाली. मी पुन्हा कसा दाबणार? वित्त?"

"मी मूळ लेखक. लेखकाने दाबणं बरं दिसत नाही."

मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्हीच दाबा."

मी थँक्यू म्हणून दाबलं. सूचना झळकली. टाळ्या झाल्या. चहा संपला. सगळे गेले. पाचची बस गाठायची म्हणून मीही गेले. संगणक बंद केला, पण सरांनी गंमत म्हणून माझ्या संगणकावर उघडणारं पहिलं पान म्हणून चाचणीची जागाच लावून ठेवली होती, ते माझ्या लक्षातच नव्हतं.

सकाळी मी पोचले तर जिन्याखाली ही गर्दी. निकालालासुद्धा एवढी नसायची. टाचा उंच करून पाहिलं. पेटीत हिरव्या कापडावर, बोधचिन्हासह, जावक क्रमांकासह, गोल शिक्क्यासह हुरडा.

काकांना गाठलं. "काका, ते कायले लावलं तुम्ही?" घाबरले की माझं चंद्रपूर बाहेर यायचं.

"कायले म्हंजे? नवीन सूचनेत आलं, छापलं, लावलं. रोजच्यावाणी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण ताई, मला आधी सांगायचं ना. समद्या विद्यापीठाला म्हंजे लय गोवऱ्या लागतील."

दुपारपर्यंत फोन थांबेनात. हुरडा ऐच्छिक आहे की अनिवार्य? कंत्राटी कर्मचाऱ्यांना लागू आहे का? प्रवासभत्ता कुठल्या शीर्षाखाली? कर्मचारी संघटनेने विचारलं, शनिवारी बोलावताय तर बदली सुट्टी देणार का. एका बाबूने आम्लपित्तामुळे हुरड्यातून सूट मिळावी असा अर्ज दिला, सोबत डॉक्टरांचा दाखला. सुरगाण्याकडच्या आमच्या केंद्रावरच्या गुरुजींनी तर विचारलं, "ओळखपत्र हरवलंय, आधारकार्डासारखं दुसरं काही..." नाही, आधारकार्ड तेव्हा नव्हतंच, रेशनकार्ड म्हणाले ते. रेशनकार्ड चालेल का हुरड्याला.

आणि परीक्षा विभागाच्या मॅडमनी स्वतःच्या विभागाला त्या शनिवारची प्रात्यक्षिकं पुढे ढकलायचा आदेश दिला. मी भीतभीत म्हटलं, "मॅडम, पण ती सूचना तर आपणच..." त्या म्हणाल्या, "पेटीत लागली आहे ना? मग?"

त्या संध्याकाळी मी माझा ड्रॉवर रिकामा केला. छोटा आरसा, कंगवा, मिठाची डबी, रामाचा फोटो. आता प्रणाली यायची वाट बघायचीही गरज नव्हती. बटण माझ्या बोटाने दाबलं गेलं होतं. पिशवी घेऊन घरी गेले आणि दारातच रडायला लागले.

"कायले रडून रायली वं?" नवरा म्हणाला.

मी सगळं सांगितलं. त्याने माझ्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

"हुरडाच टाकला ना?" तो म्हणाला. "बाँब त नाई टाकला?"

"नाही."

"मंग मी येऊ शकतो का? घरच्यांले चालते का?"

दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक. मी पिशवी सोबतच नेली होती, तिथूनच परत जायला सोपं. कुलसचिव साहेब म्हणाले, "सूचना रद्द करावी लागेल. ताई, घ्या लिहून. 'संदर्भीय सूचना याद्वारे रद्द करण्यात येत आहे.'"

"थांबा," वित्त अधिकारी म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. "रद्द करायची तर कोणाच्या मान्यतेने काढली होती ते लिहावं लागेल. आत तर तुमची मंजुरी आहे, साहेब. वेळेसकट दिसते ती."

साहेब सरांकडे वळले. "ती मंजुरी काढून टाका."

"निघत नाही, सर," सर म्हणाले. "तेच तर या प्रणालीचं वैशिष्ट्य आहे. मी पहिल्या बैठकीत सांगितलं होतं."

पंखा तेवढा फिरत होता, डिसेंबरात, कोणी बंद केला नव्हता म्हणून.

"हे बघा," वित्त अधिकारी म्हणाले, "रद्द केली तर तपासणीवाले विचारणार, काढलीच कशी. पार पाडली तर कोण काय विचारणार? हुरडा खाल्ला, झालं. रविवारी करू, म्हणजे भत्ता नको, सुट्टी नको. आपापल्या वर्गणीने. शुद्धिपत्रक काढा. 'शनिवार ऐवजी रविवार वाचावे.'"

शुद्धिपत्रक निघालं. मी टाईप केलं, काकांनी टाचलं. त्या शुद्धिपत्रकामुळे ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही मिटली. ज्या सूचनेला शुद्धिपत्रक निघतं ती खरीच असणार.

रविवारी सायखेड्याला मळ्यात सगळे आले. काही जण खरंच ओळखपत्र गळ्यात घालून. काकूंनी, म्हणजे काकांच्या घरच्यांनी, लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दह्याची मडकी असं सगळं मांडून ठेवलं होतं. जमिनीत खड्डे करून गोवऱ्यांचे निखारे, त्यात कणसं खुपसलेली. माझ्या नवऱ्याने पहिल्याच घासाला डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. मॅडम पोत्यावर मांडी घालून बसल्या होत्या आणि उशिरा आलेल्या ग्रंथपालांना खरोखरच हुरडा देत नव्हत्या. "सूचना वाचली नाही का?" काकूंनीच शेवटी ग्रंथपालांच्या हातावर मागून मूठभर घातला.

मी काही खात नव्हते. समितीचा अहवाल टाईप होऊन तयार होता, सोमवारी सही व्हायची होती, आणि ऑपरेटरची आवश्यकता नाही म्हणणारं ते वाक्य त्यात तसंच होतं.

कुलसचिव साहेब निखाऱ्यासमोर बाही सारून गरम कणीस हातावर चोळत होते. दोन्ही तळवे काळे. त्यांनी सहज सरांना विचारलं, "ते बटण. नवीन प्रणाली आली की ते कोण दाबणार?"

"प्रत्येक विभागप्रमुख, सर. आपापल्या विभागाचं."

"मॅडम, तुम्ही दाबाल?"

"मी?" मॅडमचा हात थांबला. "नाही बाई. निकालाची एखादी सूचना चुकून गेली म्हणजे? मी मंजुरी देईन. दाबणार नाही."

"वित्त?"

वित्त अधिकाऱ्यांनी तोंडात भरपूर हुरडा भरून घेतला आणि बोलता येत नाही असं हाताने दाखवलं.

"सर, तुम्ही?"

"सर, मला शिकवायचं असतं..."

साहेब कणीस चोळत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी हात जोडायच्या बेतात होते, का ते मलाही माहीत नाही.

"ताई, परवा तुम्ही दाबलंत ना?"

"हो साहेब. चुकलं, साहेब."

"चुकलं नाही. म्हणजे चुकलंच. पण दाबलंत." ते रुमाल शोधायला लागले, पण हात काळे, म्हणून तसेच खोकले. "काय आहे, काही उलटंसुलटं झालं तर कोणाला तरी विचारता आलं पाहिजे, की हे कोणी केलं. तो माणूस असावा लागतो. यंत्रणेत."

"बरोबर आहे," वित्त अधिकारी म्हणाले. आता त्यांना बोलता येत होतं.

"ताईच बऱ्या," मॅडम म्हणाल्या. "विचारलं की लगेच रडतात. पुढे काही विचारावं लागत नाही."

सगळे हसले. मी पण हसले. मला काय झालं होतं ते सांगता येत नाही. बोलणी खाण्यासाठी एक माणूस कायम लागणार होता आणि तो मान माझा ठरत होता. मी म्हणाले, "थँक्यू साहेब. थँक्यू मॅडम." मग सरांना, मग वित्त अधिकाऱ्यांना. मग मी एक मूठ हुरडा घेतला, चटणी लावली आणि खाल्ला, आणि काकूंना थँक्यू म्हणाले. काकू म्हणाल्या, "अगं, थँक्यू काय, अजून घे की पोरी. केव्हाची बघते, नुसती बसलीये."

सोमवारी मी अहवालातलं ते वाक्य खोडलं. साहेबांनी सांगितलेलं नवं लिहिलं: 'अंतिम प्रकाशनाची जबाबदारी ऑपरेटरची राहील.' आजपर्यंत मी लिहिलेल्या वाक्यांत मला हे सगळ्यात जास्त आवडतं.

प्रणाली फुकटचीच घेतली. मात्र ती फुकट कशी बसवायची हे सांगायला पुण्याच्या कंपनीला रीतसर निविदेने नेमलं, त्यामुळे वित्त अधिकाऱ्यांचाही जीव शांत झाला. "फुकट वस्तू बसवून द्याल का?" विचारल्यावर ते लोक म्हणाले, "होऊन जाईल."

आणि झालं. विभाग आपापली माहिती भरायला लागले, सूचना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चढत जायला लागल्या, आणि सगळ्यांच्या मंजुऱ्या झाल्या की माझा फोन वाजायला लागला. "ताई, दाबता का?" मी विचारायची, "दाबू ना? नक्की?" पलीकडून घाईघाईत उत्तर यायचं, "ते तुम्ही बघा बुवा," आणि फोन खाली. मग मी रामाच्या फोटोकडे बघायची, तो ड्रॉवरमध्ये परत आला होता, आणि दाबायची.

सकाळी काका येऊन ती छापायचे, शिक्का मारायचे आणि पेटीत लावायचे. त्यात काही बदल झाला नाही. फक्त त्या वर्षापासून छापलेला कागद घेऊन ते आधी माझ्याकडे यायला लागले. "ताई, हे खरं हाय ना? का परत गोवऱ्या थापू?"